सुरू हाय का बंद, यादगिरी?

यादगिरी, तू गेल्याची बातमी मीच गावभर फिरून सांगितली आणि माझ्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही.

त्यांचं तरी काय चुकलं? दिवसा मी चादरीच्या दुकानात गिऱ्हाइकाला सांगतो, की आमची चादर पांघरून एक माणूस दिवाळीला झोपला तो एकदम होळीलाच उठला, थंडी कधी आली नि कधी गेली त्याला पत्ताच नाही. संध्याकाळी ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर माइक हातात आला की मग तर विचारूच नका. असा माणूस चौकात उभा राहून नुसतं "यादगिरी गेला" एवढंच म्हणतो, पुढे हत्ती जोडत नाही की घोडा जोडत नाही, म्हटल्यावर लोकांना वाटलं यात काहीतरी गंमत आहे. पानवाला चुना लावता लावता थांबला आणि म्हणाला, "मल्लूशेठ, पुढं सांगा की. गेला, आणि मग काय झालं?"

मग काय झालं, ते तुलाच सांगायला बसलोय.

मग असं झालं, की तुला न्यायचं होतं तेव्हा गल्लीतले सगळे माग थांबले. आपल्या गल्लीत जन्माला आलेल्या पोराला खडखडाट ही जगाची रीतच वाटते. तो थांबला की ते रडायला लागतं. त्या दिवशी इतकी शांतता झाली, की तुझ्या ओसरीवरची पाल दचकून भिंतीवरून खाली पडली. (हे खरं आहे. पाल जरा लहान होती, एवढंच.) आणि मी, लाज वाटते सांगायला, पण खांदा देताना माझ्या डोक्यात एकच आलं: आज कावळा लावला असता तरी घूं आली नसती!

आता हा कागद तुझ्याशिवाय आणखी चार लोक वाचणार, आणि त्यांना कावळा कोण आणि घूं कोण हे माहीत नाही. तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगतो. तू तसाही माझी कुठलीही गोष्ट दहादा ऐकायचास आणि दहाव्यांदाही मान डोलवायचास.

तर मंडळी, हा यादगिरी दिवसा मागावर चादरी विणायचा आणि संध्याकाळी आमच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. मी निवेदक. आप्पा मालक, ॲकॉर्डियनही तेच वाजवायचे, आणि रागावले की ॲकॉर्डियनपेक्षा जास्त फुगायचे. गिटार होती कलकत्त्याची, तीन घरं फिरून आलेली. गिटारच्या तारांखाली एक चपटी डबी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. आत चुंबक आणि त्याच्याभोवती केसाएवढी बारीक तार गुंडाळलेली. वरची तार थरथरली की डबीला कळतं, डबी ॲम्पला सांगते आणि ॲम्प गावाला सांगतो. म्हणजे ऑर्केस्ट्रात माझं जे काम, तेच गिटारीत पिकअपचं. फरक इतकाच, की पिकअप पदरचं काही घालत नाही.

लोक पानाचं दुकान बदलत नाहीत इतक्या सहज तू पिकअप बदलायचास. स्क्रू काढ, तारा सैल कर, जुनी डबी बाहेर, नवी आत, कथलाचा डाग दे, वाजव, तोंड वाकडं कर, पुन्हा स्क्रू काढ. काढलेल्या डब्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. त्यांची बारशी मी केली. गिटारीबरोबर आली ती सासूबाई, कारण काहीही वाजवलं तरी तक्रारच ऐकू यायची. टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधून तू काढलीस ती पोस्टमास्तर, नाकात बोलायची. आणि तू स्वतःच्या हाताने, मागाच्या कडेला बसून, तार तुटत असताना, शिव्या घालत, पुन्हा जोडत जी पहिली डबी गुंडाळलीस, तो कावळा. कर्कश म्हणून नव्हे. त्याच्या आवाजात फोडणीचा ठसका होता. पहिल्या सुरालाच माणूस मान वर करायचा. पण एक कावळा ओरडला की मागे सगळी कावळ्यांची शाळा भरते, तशी त्याच्यामागे कायम एक घूं यायची. तार छेडा की नका छेडू, ॲम्प लावला की घूं. मधमाश्यांच्या पोळ्यात तोंड घालून माइक धरल्यासारखी घूं.

"तुला पाहिजे तरी कसला आवाज बे?" मी एकदा कंटाळून विचारलं.

तू जरा विचार करून म्हणालास, "ओलं सूत बघितलास का? पाण्यातनं काढलं की जड असतंय. वढलं तरी तुटत न्हाय, लांबत जातंय. तसला सूर पाहिजे."

मी म्हटलं, "मागच्या रांगेतल्या माणसाच्या बिडीची राख पडली पाहिजे, असला सूर काढ. ओलं सूत दोरीवर वाळत घाल."

तू हसलास आणि पुन्हा स्क्रू काढायला लागलास.

त्या घूंचं कोडं आपल्याला कितीतरी महिने सुटेना. कारण आपली तालीम व्हायची मागांच्या सुट्टीच्या वारी, तुझ्याच घरी. तालमीत गिटार अशी गोड, की आप्पा डोळे मिटायचे. मोडनिंबला भर शेतात मंडप होता, तिथेही गिटार गोड. आणि सोलापुरात कामाच्या दिवशी प्रोग्राम लागला की घूं. आप्पांनी यावरून शास्त्र काढलं: "ह्या गिटारला सोलापूर मानवत न्हाय. हिला मोडनिंबलाच ठिवू, प्रोग्रामापुरती एसटीनं आणू." सहा शहाणी माणसं यावर गंभीरपणे चर्चा करत होती, यादगिरी! एकाने तर तिथल्या पाण्याचा गुण म्हणून सांगितलं. आणि ज्या वारी माग बंद असतात नेमकं त्याच वारी आपण तालीम करतो, हे एकाच्याही डोक्यात येईना. आपल्याला मागांचा खडखडाट ऐकूच येत नव्हता. मग तो बंद असल्याचं कसं ऐकू येणार?

शेवटी एका लग्नात घोटाळा झाला. मांडवाच्या मागेच मागांचा कारखाना, आत ओळीने मोटारी. नवरदेवाचं नाव पुकारून मी तुला इशारा केला आणि ॲम्पमधून अशी घूं निघाली, की वरातीचा घोडा जागच्या जागी फिरला. नवरदेवाची पाठ मुलीकडे आणि तोंड कारखान्याकडे. मी माइकवरून सांगितलं, की हे विमान आहे, वरून अक्षता टाकायला आलंय. लोक वर बघत होते तोवर तू ॲम्प बंद केलास.

पण आप्पा वर बघत नव्हते. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "यादगिरी, गड्ड्याच्या जत्रेतल्या प्रोग्रामला ही घूं आली, तर गिटार तुझी आणि स्टेज माझं. पुण्याचा पोरगा यायला तयार हाय. इंपोर्टेड गिटार हाय त्याची. एकदा लावली की गुमान वाजती."

तू वायर गुंडाळलीस आणि चालायला लागलास. मी मागून बडबडत होतो: पुण्याच्या पोराला गड्ड्याची धूळ सोसायची नाही, बेलबॉटममध्ये पाय अडकून पडेल, असलं काहीबाही. पत्रा तालमीच्या वळणावर तू थांबलास.

"मल्लू, मागावर मी चादर विणतो. मोर मालकाचा, कमळ मालकाचं, रंग बी मालकाचा. गिटारवर कुठला सूर लांबवायचा ते तेवढं मी ठरवतो. ते बी काढून घेतलं तर मग माझं राहिलं काय बे?"



दुसऱ्या दिवशी आपण उस्मानभाईंकडे गेलो. उस्मानभाई रेडिओ दुरुस्त करायचे, तुझा ॲम्पही त्यांनीच बनवलेला, आणि आपल्याइतकं विजेचं ज्ञान मुंबईतही कुणाला नाही असं ते स्वतःच सांगायचे. त्यांनी कावळ्याला कानाशी धरलं, हलवलं आणि म्हणाले, "ये कान है मियाँ. जो होना वो बी सुनता, जो नक्को वो बी सुनता. बाजू में मोटर चली, बत्ती जली, सब इसके पेट में जाता."

"मग मी दुसरा कान लावतो," तू म्हणालास. "दोन कानांनी गाणं दुप्पट ऐकलं, की घूं दबंल."

"घूं बी दुप्पट होती ना, बावा!"

"बघू की."

तुझं ते "बघू की" मी पुष्कळदा ऐकलंय. ते ऐकलं की समोरच्याने वाद सोडून द्यावा आणि चहा मागवावा.

तू कचकड्याच्या कंगव्यांचे दात कापून दोन चपटी रिळं केलीस. चुंबक फुटक्या स्पीकरचे, तार उस्मानभाईंच्या भंगारातली. एक रीळ तू भरलंस. दुसरं भरायच्या आत मागावर तुझी पाळी लागली, म्हणून ते तुझ्या बायकोकडे, नागमणीवहिनींकडे दिलंस. वहिनी रोज मागासाठी कांड्या भरायच्या. रहाट फिरवायचा आणि धोट्यात बसणाऱ्या त्या छोट्या कांडीवर सूत गुंडाळायचं. त्यांच्या हातात तार तुटली नाही. तुझ्या हातात तुटायची आणि शिव्या मात्र तारेला बसायच्या.

गड्डा जवळ आलेला. तू दोन्ही रिळं शेजारी शेजारी बसवलीस. भर दुपार, गल्लीत माग चालू. वहिनी दारात, मी पाटावर, उस्मानभाई हात बांधून "देखतूँ मैं बी" अशा चेहऱ्याने भिंतीला टेकलेले. ॲम्पचा लाल दिवा लागला.

काही नाही. घूं नाही. चिटपाखरू नाही.

मी असा ओरडलो की शेजारचा माग थांबला. तू गिटार गळ्यात घेतलीस, देवाला हात जोडलेस आणि तार छेडलीस. आणि ॲम्पमधून ताप आलेल्या डासाएवढा आवाज आला.

घूं गेली होती आणि जाताना गाण्यालाही घेऊन गेली होती.

उस्मानभाई लगेच पुढे झाले. एका रिळाची दोन टोकं उलटी जोडली. आता गाणं आलं, पण बरोबर घूं अशी दुप्पट आली की पत्रे थरथरले. "बोला था ना मैं," असं ते इतक्या आनंदाने म्हणाले, की वहिनींनी त्यांना चहाच दिला नाही. तू टोकं पुन्हा होती तशी केलीस आणि कोपऱ्यात जाऊन बसलास. पुण्याचा पोरगा एसटीत बसलाय असं मला दिसायला लागलं.

आणि तू बसलास ते नेमका वहिनींच्या कांड्यांच्या टोपल्यांशेजारी. टोपल्या दोन होत्या. एकीत तुझ्या आईने भरलेल्या कांड्या, दुसरीत वहिनींच्या. कारण वहिनी डावखुऱ्या. रहाट उलटा मांडून डाव्या हाताने फिरवायच्या, त्यामुळे त्यांच्या कांडीवर सूत उलट्या बाजूने बसायचं. लग्न होऊन आल्या तेव्हा तुझी आई रोज बोलायची: "हिच्या कांड्या धोट्यात उलट्या सुटत्यात, माझ्यात मिसळू नका." तेव्हापासून टोपल्या वेगळ्या. घरात इतकी वर्षं दोन टोपल्या समोरासमोर आणि कुणाला त्यात काही वेगळं दिसेना.

तू एकीतली एक कांडी घेतलीस, दुसरीतली एक घेतलीस. दोन्हींचं सूत हळूहळू सोडत बसलास. एक इकडून उलगडतेय, एक तिकडून. मला वाटलं, गडी गेला कामातून.

मग तू हसलास. यादगिरी, तुझं ते हसणं मी स्टेजवरून हजार वेळा सांगितलंय आणि एकदाही मला ते नीट जमलेलं नाही.

"नागमणी," तू म्हणालास, "तुझी कांडी उलटी हाय."

"अय्यो, आता तुमी बी सुरू केलं का?" वहिनी म्हणाल्या. "सासूबाई काय कमी हायत?"

"तसं न्हाय गं! माझ्या कांडीत घूं सरळ शिरली, तुझ्या कांडीत उलटी शिरली. दोघींची टक्कर झाली, घूं मेली. पण गाण्याचं बी तसंच झालं."

"मंजे गाना बी मरा," उस्मानभाई म्हणाले.

"पण उस्मानभाई, घूं चुंबकाला विचारून येत न्हाय. भायेरनं येते, सरळ तारेत शिरते. गाणं मात्र चुंबकाला विचारून येतंय. मग नागमणीच्या कांडीखालचा चुंबक पालथा केला तर?"

उस्मानभाईंचं तोंड उघडं राहिलं ते माझ्या हिशेबाने पुढच्या गुरुवारी मिटलं. तू चुंबक काढलास, पालथा केलास, परत बसवलास. लाल दिवा. माग धडधडतायत. ॲम्प गप्प. आणि मग तू ती तार छेडलीस.

ओलं सूत, यादगिरी. जड, थंड, लांबत गेलेलं. तू बोट हलवत राहिलास आणि ते तुटेचना. वहिनी दाराला धरून उभ्या होत्या. मागच्या रांगेतल्या बिडीची राख पडली की नाही माहीत नाही, पण माझ्या हातातला चहा सांडला आणि चटका मला नंतर जाणवला.

गड्ड्यावर त्या संध्याकाळी एवढे आकाशपाळणे, एवढ्या ट्यूबलाइटी आणि एवढी जनरेटरं होती की कावळा असता तर नुसत्या घूंनेच लोक घरी गेले असते. स्टेजमागे पुण्याचा पोरगा पायांवर गिटार घेऊन बसलेला. आप्पांनी ॲकॉर्डियन छातीशी आवळलं.

"ॲम्प लाव."

"लावलाय," तू म्हणालास.

आप्पा कान देऊन थांबले. "अरे लाव की बाबा! लोक खोळंबल्यात."

"लावलाय म्हंतो ना."

आप्पांना पटेना. ते मला खुणा करायला लागले. मग मी माइक तोंडाशी नेला आणि सगळ्या गड्ड्याला ऐकू जाईल असं विचारलं, "यादगिरी, सुरू हाय का बंद?"

तू तोंडाने उत्तर दिलं नाहीस. एक तार छेडलीस. तो सूर पाळण्यांच्या वरून गेला. वरच्या पाळण्यातली माणसं त्याला हात लावून आली असं नंतर मला त्यांच्यापैकीच दोघांनी सांगितलं. आप्पांचे डोळे मिटले. पुण्याचा पोरगा भला माणूस निघाला. गिटार पेटीत ठेवून तो पुढे येऊन लोकांत बसला आणि तुझी बोटं बघत राहिला. मध्यंतरात त्याने विचारलं, "हे पिकअप कुठल्या देशाचं?" तू म्हणालास, "बायकोचं."

तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रामची सुरुवात तीच झाली. मी विचारायचं, तू छेडायचंस. वैरागला तर लोक माझ्याआधीच ओरडायचे, "सुरू हाय का बंद?" आणि मी दर गावाला वहिनींचा डावा हात थोडा थोडा वाढवत नेला. बार्शीत त्या डोळे बांधून गुंडाळत होत्या, अक्कलकोटात एकाच वेळी पोळ्या लाटत होत्या. उस्मानभाई खालून ओरडायचे, "झूट! डाव्या हाताचं काय बी काम न्हाई! दोन सीध्या कांड्या घिऊन टोकं फिरवली, चुंबक पालथा केला, तरी व्हतंय!" त्यांचं बरोबर होतं, ते तूही मला नंतर सांगितलंस. पण पुढे म्हणालास, "व्हय, खरं हाय. पण उलटी कांडी आलीच नसती, तर आपल्याला सुचलं असतं का?" असे वाद तू मिटवायचास. दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायचं.

तुझं मला सगळ्यात काय आवडायचं ते तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही. तू लाजून स्क्रू काढायला लागला असतास. माझ्या थापांना तू कधी खोटं पाडलं नाहीस. ही गिटार जपानच्या राजवाड्यातली आहे असं मी एकदा ठोकून दिलं, तर तू मागे हळूच असलं काही वाजवलंस की मलाच जपान दिसायला लागलं. एकदा तर भर स्टेजवर मला पुढचं वाक्य आठवेना, तोंड कोरडं पडलं, समोर हजार माणसं. तू एक सूर धरलास आणि लांबवत राहिलास, लांबवत राहिलास, मला वाक्य सापडेपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तसंच बसवलेलं होतं. ओल्या सुताला धरून मी वर आलो ते त्यांना काय माहीत.

आणि मग आपलं ते शेवटचं भांडण. चहाच्या टपरीवर, गेल्याच महिन्यात.

"मल्लू, मी कावळा परत लावणार."

मला वाटलं, मस्करी. "डोकं फिरलंय का बे? सगळ्या जिल्ह्याने त्या घूंला हाकललं, आणि तू तिला परत घरात घेतोस?"

"ह्याच्यात घूं न्हाय, मान्य. पण ठसका बी न्हाय. दोन कांड्या एकमेकीला मारत्यात, त्यात थोडा वरचा सूर बी मरतो. त्या एका संथ गाण्याला मला कावळाच पाहिजे."

"आणि घूं?"

"असू दे की थोडी. आपण ऱ्हातो कुठं? मागांत. मागांचा आवाज आला तर काय बिघडलं? साफ करता करता लई साफ झालंय बे. ॲम्प लावला तरी जिता हाय का न्हाय कळत न्हाय. तुला विचारावं लागतंय."

मी उसळलो. ते विचारणं म्हणजेच आपला ऑर्केस्ट्रा, ते विचारणं म्हणजेच मी, असं बरंच काही बोललो. तू ग्लास ठेवलास. "येत्या प्रोग्रामला लावून दाखवतो. ऐक, मग बोल." मी म्हटलं, "ऐकायचं काय त्यात? मी आत्ताच बोलतो." तू म्हणालास, "बघू की."

तो प्रोग्राम यायचाच होता.

तुझे दिवस झाले आणि वहिनींनी मला बोलावणं पाठवलं. उस्मानभाईंनाही. आप्पा माझ्याआधीच येऊन ओसरीत बसले होते, ॲकॉर्डियन न आणता. पहिल्यांदाच मी त्यांना तेवढं लहान बघितलं. आत खाटेवर तुझी गिटार, पोट उघडं. शेजारी बशीत स्क्रू. एकीकडे दोन कांड्यांची डबी, काढून ठेवलेली. दुसरीकडे कावळा. तू काढण्यापर्यंत आला होतास, लावण्यापर्यंत पोचला नाहीस.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "आप्पा म्हंतात गिटार प्रोग्रामला पाहिजे. अशी उघडी कशी देऊ? ह्यातलं कुठलं लावायचं, तुमी सांगा."

माझं उत्तर तयार होतं. महिनाभर तयार होतं. "विचारायचं काय वहिनी? तुमच्या हातचं. सगळा जिल्हा त्याला ओळखतो."

वहिनींनी दोन्ही डब्या हातात घेतल्या. आपली परत बिस्किटाच्या डब्यात ठेवली.

"माझ्या हातची कांडी मी रोज भरते," त्या म्हणाल्या. "नुसती त्यांच्या हातची ही एकच हाय. ही लावा."

उस्मानभाईंनी डाग दिला. दोन सीध्या कांड्यांचं नावसुद्धा काढलं नाही. स्क्रू मी पिळले. मला पिळता येत नाहीत, एक तिरका बसलाय, रागावू नकोस. दुपारची पाळी सुरू झाली होती. गल्लीत एकामागून एक माग ताल धरत होते. आप्पांनी उठून स्वतःच्या हाताने ॲम्प लावला.

मी सवयीने तोंड उघडलं. "यादगिरी, सुरू..." इथपर्यंत आलो होतो.

घूं आली. सगळी गल्ली त्या पेटीतून बोलायला लागली: शेजारचा माग, त्याच्या पलीकडचा, आणि तू ज्याच्यावर इतकी वर्षं उभा राहिलास तो तुझा मागही, कारण त्यावर आता दुसरं कुणी उभं होतं. मी तोंड मिटलं. विचारायचं राहिलंच नव्हतं.

वहिनींनी पदराला हात पुसला आणि डाव्या हाताने एक तार छेडली. ठसका लागला, यादगिरी. डोळ्यांत पाणी येईपर्यंत लागला.